धनप्रेषण, अनिवासी भारतीयांचे

परदेशात राहून मिळविलेल्या उत्पन्नाचा काही भाग मायदेशी पाठविण्याच्या व्यवहारास धनप्रेषण म्हणतात. १९७३ मधील खनिज तेलाच्या भाववाढीनंतर इराणच्या आखाताभोवतीच्या देशांत मजुरांची मागणी वाढली. केरळप्रमाणेच रत्नागिरी जिल्हा व गोवा येथूनही अनेक जण तिकडे गेले व त्यांच्या कुटुंबांचा चरितार्थ या रकमांवर चालू लागला. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात आलेली अशी रक्कम १०० अब्ज डॉलरहून अधिक होती.

या व्यवहारात प्रत्यक्ष नाणे प्रवास करीत नाही. परदेशी बँक खातेदाराच्या खात्यातून रक्कम वजा करून भारतीय बँकेस प्रदानादेश पाठविते. बँकांच्या परस्परांकडील खात्यांतून हिशेब पूर्ण होतो. प्रेषकास दोन प्रकारचा खर्च पडतो : शुल्क आणि विनिमय दरातील तफावत. दुसरा खर्च पावतीवर स्वतंत्रपणे दिसतोच असे नाही. त्यामुळे शुल्क अल्प असूनही घरी कमी रक्कम पोहोचू शकते. म्हणून तुलना अखेरीस मिळणाऱ्या रुपयांचीच करावी लागते.

अनिवासी बाह्य खात्यातील मुद्दल व व्याज परदेशी परत नेता येते. अनिवासी सामान्य खात्यातून रक्कम नेण्यावर मर्यादा असून त्यावरील व्याज करपात्र असते. हवाला मार्ग स्वस्त भासला, तरी तो परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९ चा भंग ठरतो आणि रक्कम बुडाल्यास प्रेषकास दाद मागणे दुरापास्त होते.