खिडकीचा टेकू आणि डबल बेसचा आत्मा

जुन्या ब्लॅक अँड व्हाइट सिनेमातलं क्लबचं गाणं आठवा. मागे कोटातला एक माणूस स्वतःपेक्षा उंच 'व्हायोलिन' बोटांनी वाजवत उभा असतो. तोच डबल बेस. मुंबईच्या सिनेमा ऑर्केस्ट्रात गोव्याहून आलेल्या वादकांनी हे वाद्य वर्षानुवर्षं वाजवलं. आपल्या संगीत मंडळाकडेही एक आहे, 'लोएस्ट कोटेशन'वर घेतलेला. त्याच्या तारा दाबताना बोटं सोलायची आणि खालचा स्वर डबा वाजवल्यासारखा यायचा.

फर्स्ट इयरला असताना मी आणि माझ्या रूम पार्टनरने तो 'रिपेअर' करायला घेतला. अनुभव शून्य, उत्साह भरपूर! चारही तारा एकदम सैल केल्या. घोडी पडली, आत काहीतरी खुळखुळलं आणि पोकळीतून वीतभर लांबीची एक गोल काठी निघाली. आम्हाला वाटलं, पॅकिंगचं लाकूड राहिलं असेल. ती काठी आमच्या खोलीच्या खिडकीला टेकू म्हणून बसली. तारा पुन्हा ताणल्या आणि झोपलो. सकाळी बघतो तर घोडीखालचा भाग बशीसारखा खचलेला, मानेच्या सांध्याला भेग. भेगेत लाकडाचा पांढरा गोंद ओतला, वाद्य गुपचूप स्टोअरमध्ये ठेवलं.

थर्ड इयरला डेड स्टॉकच्या राईट-ऑफ यादीत त्याचं नाव दिसलं. कारण : 'निकृष्ट दर्जा'. निकृष्ट होता हे खरं, पण मोडला आम्ही होता! शेवटी वर्कशॉपच्या कारपेंट्री सेक्शनमधल्या सरांकडे जाऊन सगळं कबूल केलं. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आधी मोडलंस कसं ते नीट सांग, मग जोडू."

त्यांनी पहिल्यांदा कागद-पेन्सिल काढायला लावली. डबल बेसला चार तारा : 41.2, 55, 73.4 आणि 98 हर्ट्झच्या. तारेची मोकळी लांबी सुमारे 105 सेंमी. प्रत्येक स्टीलच्या तारेवर साधारण 30 किलोचा ताण, म्हणजे एकूण 120 किलो. घोडीवरून जाताना तारा वाकतात. आमच्या वाद्यावर तो कोन 150 अंश भरला. म्हणजे घोडीवरचा दाब 2 × 120 × साइन 15°, सुमारे 62 किलो. माझा रूम पार्टनर एवढ्याच वजनाचा आहे. तो काही मिमी जाडीच्या पाटीवर चोवीस तास उभा आहे अशी कल्पना करा!

हा भार पेलतो कोण? घोडीच्या जाड तारेकडच्या पायाखाली आतून एक लांब पट्टी चिकटवलेली असते, ती बीम. बारीक तारेकडच्या पायाच्या किंचित मागे पुढच्या आणि मागच्या पाटीमध्ये एक काठी उभी असते, ती कॉलम. तिला गोंद नसतो, खिळा नसतो. फक्त दाबाने टिकते आणि पुढच्या पाटीची कंपनं मागच्या पाटीला पोचवते. इंग्रजीत तिला साउंडपोस्ट म्हणतात, फ्रेंचमध्ये 'आम' म्हणजे आत्मा. आमच्या खिडकीला वर्षभर टेकून उभा होता तो हाच आत्मा!

आता दुरुस्तीचा क्रम. पहिलं काम, कडा तपासणं. बोटाच्या पेराने कडेकडेने ठोकत जायचं. सांधा सुटला असेल तिथे आवाज फुटका येतो. सुटलेला सांधा हा दोषच असतो असं नाही. हवामान बदललं की लाकूड फुगतं-आकसतं, तेव्हा पाटी चिरण्याऐवजी सांधा सुटावा म्हणूनच तिथे सरस वापरतात. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून केलेला, सुतारांचा जुना गोंद. भांड्यात भांडं ठेवून 60 अंशांच्या आसपास तापवायचा, उकळायचा नाही. ऊब आणि ओलावा दिला की सांधा पुन्हा उघडतो. आम्ही ओतलेला पांढरा गोंद सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो आणि त्याच्यावर नवा गोंद नीट धरत नाही. तो खरवडून काढायला आम्हाला चार संध्याकाळी लागल्या.

दुसरं, मान. मूळ सांध्यातच फट होती आणि ती भुसा व गोंद कालवून बुजवलेली होती. ती साफ करून टणक लाकडाच्या पातळ पाचरा घासून घासून बसवल्या, सरस लावला, क्लॅम्प लावून दोन दिवस हात लावला नाही.

तिसरं, काठी. मूळ काठी 3 मिमी आखूड होती, शिवाय तिची टोकं सपाट. पाटी आतून उताराची असते, तेव्हा टोकंही त्याच उताराची हवीत. सरळ रेषांच्या पाईनची नवी काठी केली. स्मिदीत सळई वाकवून इंग्रजी 'एस'च्या आकाराचा आकडा केला आणि पाटीवरच्या भोकातून, मोबाईलच्या कॅमेऱ्यात बघत, ती उभी केली. सतरा वेळा पडली. अठराव्या वेळी राहिली.

चौथं, घोडी. तिचे पाय पाटीला टोकांवरच टेकत होते. फिटिंग शॉपमध्ये आपण प्रशियन ब्लू लावून उंचवटे शोधतो ना, तेच इथे कार्बन पेपरने केलं. डाग पडेल तिथे पटाशी. नंतर घोडीची उंची कमी केली. पट्टीच्या टोकाशी बारीक तार 14 मिमी उंच होती, ती 6 वर आणली. जाड तार 19 वरून 9 वर.

पाचवं, बोटं दाबायची पट्टी. मेट्रॉलॉजी लॅबमधला स्ट्रेट एज ठेवला तर मानेजवळ चक्क टेकडी! तार कंप पावताना मधे जास्त फाकते, म्हणून पट्टी लांबीत किंचित खोलगट लागते. रंधा मारला तेव्हा काळ्या रंगाखालून पांढरं मऊ लाकूड निघालं. एबनीची नवी पट्टी परवडणारी नव्हती. दोन-तीन वर्षांनी तारांच्या खाचा पडतील, पुन्हा रंधा मारावा लागेल.

वाद्य प्लायवूडचं आहे, हा मात्र दोष नाही. शिकागोच्या के कंपनीने 1930 च्या दशकाच्या अखेरीपासून प्लायवूडचे डबल बेस बनवले, त्यातले कित्येक आजही वाजतात. स्वस्त वाद्यात बहुतेक वेळा लाकडापेक्षा वेळ वाचवलेला असतो. काठी कापताना, घोडी बसवताना, पट्टी रंधताना जे तास कारखान्याने दिले नाहीत, ते आम्ही दिले. खर्च 1,140 रुपये आणि सबमिशन बुडवून सहा आठवडे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. तारा बदलताना एकावेळी एकच सैल करा. आत काही पडल्याचा आवाज आला, तर सगळ्या तारा लगेच सैल करून वाद्य आडवं ठेवा. झोपायला जाऊ नका!

खचलेली पाटी पूर्ण वर आली नाही, हात फिरवला तर कळतं. पण गॅदरिंगला जाड तार छेडली तेव्हा पहिल्या रांगेतल्या रेक्टर सरांनी मान वर करून पाहिलं. यादीतलं नाव खोडलं गेलंय. पाटी बंद करण्याआधी आत पेन्सिलीने तारीख, काठीची लांबी आणि 'सरस वापरला आहे' एवढं लिहून ठेवलंय. पुढच्या बॅचने उघडलं, तर त्यांना सुरुवात माहीत असेल.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी