कापडाचे आभाळ (लेखांक ५)

कमी पैशांत घरातला प्रसंग चित्रित करायचा म्हटले की चर्चा आधी दिव्यांवर येते: किती आणायचे, किती वॅटचे, भाडे काय पडेल. माझ्या मते हिशेबाची सुरुवातच इथे चुकते. दिवस दिव्यातून येत नाही. दिवा आणि माणूस यांच्यामध्ये आपण काय धरतो, त्यातून येतो. मराठीने हा भेद केव्हाच केला आहे. आपण ‘ऊन’ आणि ‘उजेड’ असे दोन वेगळे शब्द वापरतो. सूर्य प्रचंड असला तरी सुमारे पंधरा कोटी किलोमीटर दूर असल्याने आभाळात जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून उन्हाची सावली रेखीव पडते. उजेड मात्र अख्ख्या आभाळातून, समोरच्या भिंतीवरून, फरशीवरून येतो. त्याच्या सावलीला कड उरत नाही. घरात दिवसा बहुतेक वेळ असतो तो उजेडच.

याचा उत्तम दाखला सत्यजित राय यांच्या १९५६च्या ‘अपराजितो’त आहे. बनारसमधले हरिहरचे घर, मधोमध अंगण, भोवती खोल्या. पावसाच्या धास्तीने हे घर स्टुडिओत उभारायचे ठरले. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांची त्याला हरकत होती: अशा घरात वरून झिरपणारा, जवळजवळ सावलीविरहित उजेड स्टुडिओत कसा आणणार? हरकत टिकली नाही, तेव्हा मित्रांनी सेटवरच्या मोकळ्या जागेत पांढरे कापड ताणले, खालून दिवे त्यावर रोखले आणि परतून येणाऱ्या उजेडात चित्रण केले. दिवे स्टुडिओतले नेहमीचेच होते, आभाळ तेवढे कापडाचे होते.

हीच युक्ती आज एका खोलीत करता येते. खिडकीच्या दिशेला थर्माकोलची मोठी शीट किंवा पांढरी चादर उभी करून दिवा तिच्यावर मारावा. उजेडाचा मऊपणा पृष्ठभागाच्या आकारावर आणि त्याच्या अंतरावर ठरतो: चार फुटांवर मऊ वाटणारी चादर वीस फुटांवर नेली तर सावली पुन्हा कडक होऊ लागते. उन्हाचा कवडसा हवा असेल तर उलटे करावे. एकच उघडा दिवा खिडकीबाहेर शक्य तितका लांब न्यावा. छोट्या दिव्याचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई उरतो. म्हणून दिवा जवळ असेल तर खिडकीपाशी झगझगाट आणि दोन पावलांवर अंधार होतो. खरे ऊन खोलीभर सारखेच असते.

यावर कोणी म्हणेल, खरी खिडकी असताना हा खटाटोप कशाला? एकाच शॉटपुरते ते बरोबर आहे. पण सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, मध्येच ढग येतो. दुपारी सुरू झालेले संभाषण संध्याकाळी संपले तर दोन वाक्यांमध्ये प्रहर बदललेला दिसतो. दुसरा आक्षेप असा की आजचे कॅमेरे मिणमिणत्या उजेडातही पाहतात. पाहतात, पण त्याने उजेडाचे प्रमाण भागते, त्याची दिशा नाही. उलट, कापडावरून परतताना बराच उजेड वाया जातो ही जुनी अडचण याच कॅमेऱ्यांनी हलकी केली आहे. तिसरा आक्षेप वजनदार आहे: मऊ उजेडात चेहरे सपाट होतात. होतात, कारण खोलीच्या पांढऱ्या भिंती सगळीकडून उजेड परत फेकतात. खिडकीच्या विरुद्ध बाजूला काळे कापड टांगले की गालावर सावली परत येते.

खर्च करायचाच तर तो दिव्यांच्या संख्येवर न करता जातीवर करावा. दिवसाच्या उजेडाचे रंगतापमान साधारण ५५०० केल्विन, टंगस्टनच्या दिव्याचे ३२००. दोन्ही नकळत मिसळले की खिडकी निळी तरी दिसते किंवा चेहरा पिवळा. स्वस्त एलईडी आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर लुकलुकू शकतात. शटर सेकंदाचा पन्नासावा भाग ठेवून आधी चाचणी घ्यावी. एवढे साधले तर एक बरा दिवा, एक पांढरी चादर आणि एक काळे कापड यांत घरातला दिवस उभा राहतो. यादी करताना कापडे आधी लिहा, दिवा नंतर.