वीज पडल्यावर हृदयाचे काय होते?

एप्रिल-मे महिन्यांत अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात काढलेला उन्हाळी कांदा अनेक शेतांत उघड्यावरच असतो. दुपारनंतर आभाळ भरून येते आणि घरातील सारी माणसे ताडपत्री घेऊन शेताकडे धावतात. वळवाच्या विजा कडाडतात त्या नेमक्या याच वेळी. भारतात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात. २०२२ साली ही संख्या २,८८७ होती.

ही माणसे कशाने मरतात, असे वर्गात विचारले तर ‘भाजून’ असे उत्तर हमखास येते. विजेच्या मार्गातील हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते हे खरे. परंतु तिचा मुख्य झोत सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी काळ टिकतो आणि पुष्कळसा प्रवाह त्वचेवरून, ओल्या कपड्यांवरून जमिनीत निघून जातो. त्यामुळे खोल भाजल्याच्या जखमा क्वचितच आढळतात. मृत्यूचे कारण बहुधा हृदय व श्वास बंद पडणे हे असते.

हृदयाच्या उजव्या अलिंदात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो मिनिटाला सुमारे ७० वेळा विद्युत्संदेश सोडतो आणि हृदय त्या तालावर चालते. घरातील विजेचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो. तो छातीतून गेला तर हा ताल विस्कटतो. स्नायूचा प्रत्येक तंतू आपापला थरथरू लागतो आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. आकाशातील विजेचे तसे नाही. तिचा एकच प्रचंड धक्का हृदयातील सर्व पेशींना एकाच क्षणी उद्दीपित करतो. गलका चाललेल्या वर्गात गुरुजींनी टेबलावर जोरात छडी आपटावी आणि सारा वर्ग एकदम चिडीचूप व्हावा, तसे हृदय थांबते. (बिघडलेला ताल ताळ्यावर आणण्यासाठी रुग्णालयात देतात तो विजेचा झटका याच तत्त्वावर काम करतो.)

आता खरी महत्त्वाची गोष्ट. अलिंदातील त्या पुंजक्याला स्वतःचा ताल असल्याने हृदय पुष्कळदा आपोआप पुन्हा सुरू होते. मात्र मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनाचे केंद्र अधिक काळ बधिर राहते. हृदय चालते, पण श्वास नाही. काही मिनिटांतच रक्तातील प्राणवायू संपत येतो आणि हृदय दुसऱ्यांदा बंद पडते. या वेळी ते आपोआप सुरू होत नाही.

म्हणून या मधल्या मिनिटांत जवळच्या माणसाने काय केले यावर सारे अवलंबून असते. विजेचा फटका बसलेल्याच्या शरीरात वीज साठून राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो. हातपाय थंड व निळसर पडलेले, मनगटाची नाडी लागत नाही, बाहुल्या विस्फारलेल्या, ही लक्षणे पाहून त्याला मृत समजू नये. श्वास बंद असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० वेळा दाबावे, मग नाक चिमटीत धरून तोंडाने दोन श्वास द्यावेत, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत हे चालू ठेवावे. अनेकांना फटका बसला असेल तर इतर अपघातांच्या उलट क्रम लावावा: निपचित पडलेल्यांकडे आधी जावे. जे कण्हत आहेत, त्यांचा श्वास चालू आहे.

झाडाखाली मेंढपाळ वाचतो आणि मेंढ्या मात्र एकदम मरतात, ते का, असे एखादा विद्यार्थी विचारील. झाडावर पडलेली वीज जमिनीतून चहूकडे पसरते. एका पायातून शिरलेला प्रवाह दुसऱ्या पायातून बाहेर पडतो. माणसात ही वाट बरीचशी हृदयाच्या खालून जाते. मेंढीत पुढच्या व मागच्या पायांच्या मध्येच हृदय येते. वीज पायाळू माणसाकडे ओढली जाते, ही समजूत निराधार आहे. पायांचा संबंध आहे तो एवढाच, की दोन पावलांतील अंतर जितके अधिक तितका त्यांच्यातील विद्युत्दाब अधिक. आसरा मिळणे अशक्यच असेल तर पाय जुळवून उकिडवे बसायला सांगतात ते यासाठी. आडवे पडणे मात्र धोक्याचे.

फटका बसूनही चालत घरी आलेल्या माणसाचा हृदयालेख काढून घ्यावाच. हृदयाच्या स्नायूला मुका मार बसलेला असू शकतो, आणि त्याच्या खुणा कधी कधी दुसऱ्या दिवशी उमटतात.