ज्ञानाची कुळे आणि पोटकुळे

औषधांचा इतिहास आपण आजवर एखाद्या थोर शास्त्रज्ञाच्या किंवा बलाढ्य कारखान्याच्या नावाने वाचत आलो. परंतु गेल्या अर्धशतकात जैवतंत्रज्ञान नावाची जी विद्या उदयास आली, तिने या व्यवसायाची घडीच पालटली, आणि आज एखादी नवी लस इस्पितळाच्या शीतकपाटापर्यंत पोहोचते तेव्हा तिच्यामागे निरनिराळ्या देशांतील, पुष्कळदा अगदी लहान अशा कंपन्यांचे करारमदार उभे असतात. लहान कंपनीच्या गाठी बहुधा एकच विद्या असते. एकीला औषधी रेणू रचता येतो, दुसरीला तो शरीरातील पेशीपर्यंत सुखरूप पोहोचविता येतो, तिसरीला तो शुद्ध स्वरूपात आणि सरकारी निकषांस उतरेल असा सिद्ध करता येतो. आणि हजारो माणसांवरील चाचण्यांचा खर्च तर यांपैकी कोणासही एकटीने झेपत नाही. म्हणून भागीदारी हा त्यांच्या अस्तित्वाचाच आधार ठरतो.

कोविडच्या साथीत जी लस फायझरच्या नावाने जगभर गेली, तिचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तिचा मूळ संकल्प जर्मनीतील माइंत्स येथील बायोएनटेक या कंपनीचा. उगुर शाहिन आणि ओझ्लेम ट्युरेजी या डॉक्टर दांपत्याच्या पुढाकाराने 2008 मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे एकही औषध 2020 पर्यंत बाजारात आलेले नव्हते. तिची विद्या आरएनएची, म्हणजे अमुक प्रथिन तयार कर असा पेशीला आदेश देणाऱ्या रेणूची. पण हा रेणू इतका नाजूक की तो उघडाच टोचला तर रक्तातील पाचकद्रव्ये त्याचा क्षणार्धात फडशा पाडतात. त्याला कवच हवे होते, आणि ते कॅनडातील व्हँकूव्हर येथील अक्युइटास या चिमुकल्या कंपनीपाशी होते. चार प्रकारच्या स्निग्ध द्रव्यांचा, मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाएवढा हा कण. त्यातील प्रमुख द्रव्याची खुबी अशी की रक्तात असेपर्यंत ते विद्युद्दृष्ट्या उदासीन राहते, आणि पेशीच्या आतील आम्लधर्मी पिशवीत शिरताच धनभारित होऊन आरएनएला मोकळे करते. हे कवच आणि तो रेणू यांचा मेळ आरंभी घातला तो व्हिएन्नाजवळच्या क्लोस्टरनॉयबुर्ग येथील पॉलिमुन या आणखी एका लहान कंपनीने. माइंत्सहून आरएनए तेथे जाई आणि कवचबद्ध होऊन परत येई.

आता या सहकार्यातील खरी अडचण ध्यानात घेतली पाहिजे. ज्या दिवशी करारनाम्यावर सह्या होतात, त्या दिवशी जिच्या उत्पन्नाची वाटणी ठरवावयाची ती वस्तू अस्तित्वातच नसते. ती कोट्यवधींची ठरेल की प्रयोगशाळेतच संपेल, हे सांगणे कोणालाही शक्य नसते. अशा करारात वाटणी होते ती मुख्यतः अनिश्चिततेची, आणि म्हणूनच त्याची रचना बयाणा आणि हप्ते अशी असते. फायझर आणि बायोएनटेक यांच्या 2020 च्या कराराकडे पाहिले म्हणजे ही रचना स्पष्ट होते: आरंभी 18.5 कोटी डॉलर, त्यांपैकी 7.2 कोटी रोख आणि उरलेले भागभांडवलाच्या रूपाने; पुढे कार्याचे ठरलेले टप्पे गाठले तर आणखी 56.3 कोटी डॉलरपर्यंत. आणि नफा निम्मा-निम्मा. जसजशी शंका फिटत जाईल तसतसा ज्ञानाचा मोबदला चुकता व्हावा, हा त्यातील न्याय. या दोन कंपन्यांनी इन्फ्लुएन्झाच्या लशीसाठी 2018 मध्येच करार केला होता, आणि त्या परिचयाच्या बळावर सविस्तर दस्तऐवज पुरा होण्याआधीच काम सुरू करण्याचे धाडस त्यांना करता आले.

परंतु परिचय सर्वत्र पुरत नाही. अक्युइटासचीच दुसरी कथा पाहा. तिने व्हँकूव्हरमधीलच आर्ब्यूटस या कंपनीकडून स्निग्धकणांच्या पेटंटांचा परवाना घेतला होता, आणि त्याच्या आधारे अमेरिकेतील मॉडर्नाला उपपरवाने दिले. आपल्या मुलखात जमिनीचा मूळ मालक, त्याचे कूळ आणि कुळाने ठेवलेले पोटकूळ यांच्या तंट्यांनी कचेऱ्या जशा भरत, तशीच येथे गत झाली. 2016 मध्ये आर्ब्यूटसने परवानाच रद्द ठरविला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि 2018 मध्ये तडजोड झाली. कूळ निघाले, पण मॉडर्नाला विषाणूजन्य रोगांवरील लशींसाठी आधीच दिलेले चार उपपरवाने शाबूत राहिले. वाद तेथेही मिटला नाही. स्निग्धकणांवरील आपल्या हक्कासाठी आर्ब्यूटस आणि तिची सहकारी जेनेव्हँट यांनी 2022 मध्ये मॉडर्नावर आणि 2023 मध्ये फायझर व बायोएनटेक यांच्यावर फिर्यादी दाखल केल्या.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने अमेरिकेतील सिअ‍ॅटलच्या एचडीटी बायो या लहान कंपनीशी सहकार्य करून आरएनए लशीचे काम हाती घेतले, आणि 2022 च्या जूनमध्ये तिच्या लशीला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात, म्हणजे साध्या शीतकपाटात, टिकणे हा तिचा आपल्या देशाच्या दृष्टीने मोठा गुण. या सहकार्यावरूनही अमेरिकेच्या न्यायालयात दावा उभा राहिला, हे येथे नोंदविले पाहिजे.

पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात 2007 पासून व्हेंचर सेंटर हे नवउद्योगांचे संवर्धन करीत आहे, आणि केंद्र सरकारने 2012 मध्ये स्थापन केलेली बायरॅक ही संस्था अशा कंपन्यांना अनुदान देते. जागा, यंत्रे आणि प्राथमिक भांडवल यांची तजवीज त्यामुळे काही अंशी झाली. परंतु आपला तरुण संशोधक प्रयोगवहीत जेवढा दक्ष असतो तेवढा करारनाम्यात नसतो. ते काम वकिलाचे, असे मानून तो सही करतो. वस्तुतः कोणत्या रोगापुरता हक्क दिला, किती मुदतीपर्यंत, पोटकूळ ठेवण्याची मुभा कोणाला, आणि भागीदारी मोडल्यास सुधारणांवर मालकी कोणाची, या चार प्रश्नांची उत्तरे तोच नीट देऊ शकतो, कारण आपल्या विद्येची शीव कोठवर जाते हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते. ही शीव त्याने स्वतः आखावी, आणि पहिला प्रयोग यशस्वी होण्यापूर्वी आखावी. यश पदरी पडल्यानंतर ती आखण्याचा अधिकार न्यायाधीशाकडे जातो, आणि त्याचा खर्च लहान कंपनीला सोसत नाही.