मन बिघडले तर कोण धावेल?

गावात एखाद्या घराला आग लागली तर काय होते? एक हाक पडते आणि सारा गाव धावतो. कुणी घागर घेतो, कुणी बादली. ज्याच्याशी बांधाचे भांडण आहे तो भाऊबंदही त्या वेळी धावतो.

पण एखाद्याचे मन बिघडले तर? तो रात्रभर ओरडू लागला, भलतेच बोलू लागला, जीव द्यायला निघाला तर? तेव्हा गावाला काही सुचत नाही. पोरे गंमत बघायला जमतात. शेजारी दारे लावून घेतात. शेवटी चार दांडगे गडी येतात आणि दोरखंड येतो.

आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे. एका गावात एक तरणा गडी तीन दिवस गोठ्यात बांधून ठेवला होता. आई दाराशी बसून होती. आम्ही विचारले, "मावशी, दवाखान्यात का नेले नाही?" ती म्हणाली, "कुणाला सांगू? पोराला येडा म्हनतील. त्याच्या बहिनीचं लगीन राहिलंय." त्या माउलीला आम्ही दोष देणार नाही. तिला दुसरी वाट कुणी दाखवलीच नव्हती.

पण बांधून ठेवण्याचा शेवट काय होतो, तेही ऐका. तामिळनाडूत एरवाडी नावाचे गाव आहे. तेथे एका छपरात मनाचे रोगी साखळीने बांधून ठेवले होते. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे छपराला आग लागली. साखळीमुळे त्यांना पळता आले नाही. २८ माणसे गेली.

पुढे २०१७ साली आपल्या देशात मानसिक आरोग्याचा नवा कायदा झाला. मनाच्या रोग्याला साखळीने बांधायला त्यात साफ मनाई आहे. असा माणूस रस्त्यावर भटकताना सापडला, तर पोलिसांनी त्याला कोठडीत ठेवायचे नाही. सरकारी दवाखान्यात न्यायचे. कुणी जीव द्यायचा प्रयत्न केला, तर तो मनाच्या मोठ्या ताणाखाली होता असे धरून चालायचे. त्याला गुन्हेगार समजायचे नाही.

मग दोरखंडाऐवजी काय? धावून जाणारी, शिकलेली माणसे!

अमेरिकेत युजीन नावाचे शहर आहे. तेथील एका दवाखान्याने १९८९ साली एक पथक सुरू केले. गाडीत दोन माणसे असत. एक औषधपाणी जाणणारा, दुसरा दुखावलेल्या माणसाशी बोलण्यात तरबेज. हाती शस्त्र नाही, अंगावर पोलिसांचा पोशाख नाही. कुणाचे मन बिघडल्याची खबर आली की पोलिसांऐवजी पुष्कळदा हीच गाडी जाई. शांतपणे बोलून ते माणसाला सावरत. त्याला घरी, निवाऱ्याला किंवा दवाखान्यात पोचवत. पस्तीस वर्षे हे काम चालले. २०२५ साली पैशाच्या अडचणीमुळे त्या शहरात ते बंद पडले. पण निम्मे औषध शांत बोलण्यात असते, हे त्यांनी दाखवून दिले.

तुम्ही म्हणाल, "ही अमेरिकेची गोष्ट. आमच्या गावात गाडी कुठली आणि माणसे कुठली?" मग आपल्या विदर्भाकडे पाहा. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत असेच काम झाले. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून तयार केले. ते घरोघर गेले, लोकांशी बोलले. गरज पडली तिथे डॉक्टरांशी गाठ घालून दिली. आधी उदासीच्या आजाराने पिडलेल्या १०० माणसांपैकी फक्त ४ जण मदत घेत होते. दीड वर्षाने २७ जण घेऊ लागले. माणसे तीच, गावे तीच. फक्त विचारपूस करणारे कुणीतरी आले.

असे पथक आपल्या गावातही उभे राहू शकते. पाच माणसे पुरेत. आशाताई, एखादी पोक्त बाई, एखादा शिक्षक, एक-दोन शांत डोक्याचे तरुण. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडून शिकून घ्यावे. वेळ आली की काय करायचे?

आधी गर्दी हटवा. एकानेच बोला, हळू आवाजात. बाकीच्यांनी गप्प राहा. विळा, दोर, फवारणीचे औषध नजरेआड करा. त्याचे म्हणणे खोडू नका, हसू नका, नुसते ऐका. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मन मोकळे होते. हो म्हणाला तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नका. दवाखान्यात न्या.

कुणी विषारी औषध प्यालाच असेल, तर उलटी काढत बसू नका. औषधाची बाटली बरोबर घ्या आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

आणखी एक ध्यानात ठेवा. रोज पिणाऱ्याने दारू एकदम सोडली, की दोन-तीन दिवसांत हात कापतात, नसलेले दिसू लागते. मोठ्या तापातही माणूस बरळतो. लोक म्हणतात, बाहेरचे लागले. पण हे दुखणे शरीराचे असते आणि उशीर झाला तर जिवावर बेतते. देवाला नवस बोलायचा तर खुशाल बोला, पण डॉक्टरकडे आधी जा.

माणूस घरी परतला म्हणजे काम संपले नाही. आठवड्याने त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. गोळ्या घेतो का ते पाहा. त्याला पेरणीला हाक मारा, हरिपाठाला बोलवा. आणि जे ऐकले ते पोटात ठेवा. चावडीवर त्याची चर्चा झाली, तर पुढच्या वेळी कुणीच तुम्हाला हाक मारणार नाही.

सरकारने २०२२ पासून टेलिमानस नावाची सोय केली आहे. १४४१६ हा आकडा फोनवर दाबायचा. दिवसा-रात्री केव्हाही, फुकट, आणि मराठीत बोलता येते.

आग लागल्यावर विहीर खणून भागत नाही. पथक आजच ठरवा. तुम्ही आता लिहायला शिकलात ना? मग चावडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा: १४४१६. खाली त्या पाच जणांची नावे लिहा. गोठ्याच्या दाराशी बसलेली एखादी माउली ती वाचील, नाहीतर कुणाकडून वाचून घेईल. तिला वाट सापडेल.