पासपोर्ट आला, सर्टिफिकेट कुठाय?

न्यू जर्सीच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय, त्याचं उत्तर द्यायला हवं. अमेरिकन नागरिकत्वाचा शपथविधी झाला, पोस्टात जाऊन अर्ज दिला, अमेरिकन पासपोर्ट घरी आला. पण अर्जासोबत दिलेलं मूळ नॅचरलायझेशन सर्टिफिकेट पाकिटात नाही. ‘गहाळ झालं का हो?’ असं त्या विचारतात.

ताई, बहुधा नाही. पहिल्या पासपोर्टचा अर्ज, म्हणजे डीएस-११, नागरिकत्वाच्या मूळ पुराव्याशिवाय घेतच नाहीत आणि तो पुरावा पासपोर्टबरोबर परत येत नाही. तो स्वतंत्र पाकिटातून, साध्या फर्स्ट क्लास टपालाने येतो. पासपोर्टनंतर चार आठवडेही लागू शकतात. जलद टपालाचे जादा पैसे भरले असतील तर ते फक्त पासपोर्ट पुस्तिकेसाठी, सर्टिफिकेटला त्याचा उपयोग नाही. पाकीट साधंच दिसतं, जाहिरातींच्या गठ्ठ्याबरोबर रद्दीत जायला वेळ लागत नाही. टपाल खात्याची ‘इन्फॉर्म्ड डिलिव्हरी’ ही फुकट सोय आजच सुरू करा. येणाऱ्या पाकिटांचे फोटो ईमेलवर दिसतात.

आता झेरॉक्सचा प्रश्न, कारण तो मला सारखा विचारला जातो. अनेक सर्टिफिकेटांवर छापलेलं असतं, की कायदेशीर अधिकाराशिवाय याची नक्कल करणं, फोटो काढणं शिक्षापात्र आहे. ते वाचून आपली माणसं धसका घेतात आणि झेरॉक्स न काढताच खिडकीवर जातात. पण पासपोर्टच्या अर्जाला मूळ प्रतीसोबत झेरॉक्स लागतेच. ती सरकारच मागतं. पांढऱ्या साध्या कागदावर, एकाच बाजूला, स्वच्छ दिसेल अशी काढा आणि एक आपल्याजवळ ठेवा. सर्टिफिकेटचा क्रमांक त्या झेरॉक्सवर नीट वाचता येतो ना, एवढं पाहून घ्या. मूळ कागद टपालात असेपर्यंत तो क्रमांक तुमच्याकडे फक्त तिथेच असतो.

मूळ प्रत हातातून जाण्याआधी नागरिकत्वाची नोंद करायला सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात जाऊन या. तिथे कागद बघून लगेच परत देतात. डीएस-११ वर सही मात्र घरून करून नेऊ नका, ती खिडकीवरच्या माणसासमोर करायची असते.

अठरा वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांमुळे आपोआप नागरिकत्व मिळालं असेल, तर त्यांच्या अर्जालाही आईचं किंवा वडिलांचं सर्टिफिकेट लागतं. म्हणून शक्य असेल तर घरातले सगळे अर्ज एकाच भेटीत द्या. प्रत्येक वेळी तोच कागद नव्याने टपालात पाठवणं मला धोक्याचं वाटतं. पुढे मोठ्यांच्या पासपोर्टचं नूतनीकरण डीएस-८२ वर होतं, तेव्हा जुना पासपोर्टच पुरतो.

सर्टिफिकेट खरंच हरवलं, तर एन-५६५ भरून नवं मागवावं लागतं. एप्रिल २०२४ पासून त्याची फी ऑनलाइन ५०५ आणि कागदी अर्जाला ५५५ डॉलर आहे, शिवाय कित्येक महिने थांबायचं. त्यामुळे चार आठवडे उलटले तर ताई, नॅशनल पासपोर्ट इन्फर्मेशन सेंटरला फोन करा. पासपोर्ट रवाना झाल्यापासून ९० दिवसांच्या आत सर्टिफिकेट न मिळाल्याची तक्रार पोहोचायला हवी. ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.