हवेतल्या काजळीचे मोजमाप

हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांमधला कार्बन मुख्यतः दोन रूपांत सापडतो. डिझेल, कोळसा, लाकूड अर्धवट जळाले की निघणारी काजळी म्हणजे काळा कार्बन. धुरातले तेलकट, डांबरासारखे पदार्थ आणि हवेतल्या वायूंपासून तयार होणारी असंख्य संयुगे मिळून सेंद्रिय कार्बन. काजळी ऊन शोषून हवा तापवते. सेंद्रिय कार्बन बहुतांशी प्रकाश विखुरतो. फुप्फुसांना दोन्ही अपायकारकच.

भोर तालुक्यातल्या वरवे बुद्रुकसारख्या गावी दोन्हींचे उगम जवळजवळ आहेत. पुणे–सातारा महामार्गावर ट्रकची रीघ असते, तर भोर-वेल्ह्याच्या भातपट्ट्यात पावसाळ्याआधी राब भाजले जातात: रोपे करायच्या जागेवर कवळे, शेण, पालापाचोळा पसरून तो पेटवतात. शिवाय चुली आहेतच. पीएम २.५, म्हणजे हवेतले सूक्ष्म कण, मोजणारे नेहमीचे यंत्र या सगळ्याचे, रस्त्याच्या धुळीसकट, एकच वजन सांगते. त्यात ट्रकचे किती आणि राबाचे किती, हे त्यावरून कळत नाही.

त्यासाठी एथॅलोमीटर वापरतात. हे यंत्र हवा एका फिल्टरपट्टीतून ओढते आणि पट्टीवरचा ठिपका किती काळवंडला हे प्रकाश टाकून तपासते. प्रकाश सात तरंगलांबींचा, ३७० ते ९५० नॅनोमीटरपर्यंतचा असतो. काळ्या कार्बनचा आकडा ८८० नॅनोमीटरवरून काढतात. लाकूड-पाचोळ्याच्या धुरातले तपकिरी सेंद्रिय पदार्थ ३७० जवळचा अतिनील प्रकाश अधिक शोषतात, डिझेलच्या काजळीत ही वाढ फारशी दिसत नाही. या फरकावरून धूर इंजिनाचा की सरपणाचा, याचा बरा अंदाज येतो. अंदाजच, कारण यंत्र वजन करत नाही. काळेपणावरून वजन ठरवते. ठिपका गडद होत गेला की यंत्र कमी आकडा दाखवू लागते, म्हणून नव्या यंत्रांत कमीअधिक हवा ओढणारे दोन ठिपके ठेवून तूट भरून काढतात.

दुसरी पद्धत उष्णतेची. मिनिटाला १६.७ लिटर वेगाने हवा ओढली तर चोवीस तासांत २४ घनमीटर हवा क्वार्ट्झच्या फिल्टरमधून जाते. हा फिल्टर आधी भट्टीत भाजून त्यातला मूळचा कार्बन घालवलेला असतो. नमुन्याचा तुकडा प्रयोगशाळेत आधी हेलियममध्ये टप्प्याटप्प्याने तापवतात. सेंद्रिय कार्बन उडून जातो. मग थोडा ऑक्सिजन सोडतात आणि उरलेली काजळी जळते. दोन्ही वेळा निघालेला कार्बन मोजला जातो.

खरी अडचण मध्येच येते. काही सेंद्रिय पदार्थ उडून न जाता, कढईत गूळ करपावा तसे, फिल्टरवरच करपतात आणि काजळीत गणले जाण्याचा धोका असतो. म्हणून फिल्टरवर सतत लेझर रोखलेला असतो: करपल्याने काळवंडलेला फिल्टर पुन्हा मूळ उजळपणाला आला, तो क्षण दोन रूपांमधली सीमा मानतात. तरीही तापमानाचे टप्पे बदलले की सीमा सरकते. एकूण कार्बन जुळतो, वाटणी जुळत नाही. त्यामुळे पद्धत न सांगता दिलेल्या काजळीच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो.

या परिसरातले असे काम मुख्यतः पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे. पुणे शहराबरोबर सिंहगडावरही तिने निरीक्षणे घेतली. महाबळेश्वरला २०१२ पासून तिची उंचावरची प्रयोगशाळा आहे. देशातील कार्बनी कणांचा अभ्यास करणाऱ्या ‘कोॲलेस’ प्रकल्पातही महाबळेश्वर हे एक केंद्र आहे. डोंगरमाथ्यावर साऱ्या प्रदेशाची मिसळलेली हवा मिळते. हिवाळ्याच्या रात्री खोऱ्यात, जमिनीलगत कोंडून राहणारा धूर मात्र माथ्यावरच्या आकड्यात पूर्ण उतरत नाही. तो मोजायला यंत्र खालीच, रस्त्याकडेला आणि शेताजवळ ठेवावे लागते.

भारताच्या २००९ च्या हवा-मानकांत पीएम २.५ साठी चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आणि वार्षिक ४० आहे. काळ्या कार्बनसाठी वेगळी मर्यादा त्यांत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये त्याचा आकडा ठरवला नाही. तो नियमित मोजावा आणि त्याचे उत्सर्जन कमी करावे, असे मात्र सुचवले.